एमिली हॅरप आणि सीलचे कातडे

१९ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळपासून माझ्या फोनवर शिवजयंतीच्या शुभेच्छा येऊन पडत होत्या. दुपारी ग्रनोब्लमधील आमच्या कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये मी ताट हातात घेऊन जागा शोधत होते, तेव्हा एरवी जेवणाच्या वेळेत साक्षात देवालाही ताटकळत ठेवतील असे माझे फ्रेंच सहकारी काटे-सुऱ्या खाली ठेवून भिंतीवरच्या पडद्याकडे टक लावून बसलेले दिसले. पडद्यावर इटलीतील बोर्मिओ होते, बर्फ पडत होता आणि पायांत स्की घातलेल्या सहा जणी उतारावरून धावत वर चढत होत्या. मध्येच त्यांनी स्की काढून पाठीवर अडकवल्या, बर्फात खोदलेल्या पायऱ्या चढल्या, पुन्हा स्की घातल्या, पुन्हा चढल्या आणि माथ्यावर पोहोचताच स्कीच्या तळाची एक लांब पट्टी खसकन ओढून छातीशी खुपसून खाली झेपावल्या. तीन मिनिटांत सगळा कारभार आटोपला. स्वित्झर्लंडची मारियान फातों पहिली आली, फ्रान्सची एमिली हॅरप दुसरी आणि स्पेनची आना आलोन्सो रोद्रिगेस तिसरी. हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात स्की-आल्पिनिझम या खेळाची महिलांची ही पहिलीच शर्यत होती, आणि फ्रान्सला त्यात रौप्यपदक मिळाले होते, तरी कॅन्टीनमध्ये टाळ्यांच्या आधी उमटला तो सुस्कारा.

त्यानंतर कॉफी थंड होईपर्यंत जी चर्चा झाली, ती ऐकण्यासारखी होती. हिशेब विभागातील एक बाई, ज्यांना मी आजवर फक्त प्रवासखर्चाच्या पावत्या परत पाठवताना पाहिले होते, त्या ‘मानिप’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत हातवारे करून कोणाची पट्टी कशी निघाली आणि कोणाचा बूट केव्हा अडकला, ते दाखवत होत्या. त्यांच्या समोर बसलेले गृहस्थ मानिप ठीकच होती, पाय थकले होते, असे ठासून सांगत होते. संध्याकाळी शिवजयंतीच्या निमित्ताने पुण्याहून मावशीचा फोन आला. तिनेही ती शर्यत टीव्हीवर ओझरती पाहिली होती आणि तिचा प्रश्न अगदी सरळ होता. ‘‘अगं, स्की म्हणजे घसरायचं असतं ना? मग या बायका चढतात कशाला?’’

मावशीला फोनवर दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आल्प्समध्ये माणसाला वर नेणारे पाळणे आणि दोरखुर्च्या येण्यापूर्वी स्की करायची म्हणजे आधी डोंगर चढायचा, हाच एकमेव मार्ग होता. गुळगुळीत तळाची स्की चढणीवर मागे घसरते, म्हणून तिच्या तळाला सीलच्या कातडीची पट्टी बांधण्याची युक्ती उत्तरेकडच्या लोकांकडून येथे आली. या कातडीवरचे केस एकाच दिशेने झुकलेले असतात, त्यामुळे मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवावा तशी स्की पुढे सहज सरकते आणि मागे जाऊ लागली की तेच केस बर्फात रुततात. आज यासाठी सील मारले जात नाहीत. या पट्ट्या अंगोरा शेळीच्या मोहेर लोकरीच्या किंवा नायलॉनच्या असतात आणि स्कीला त्या गोंदाने चिकटतात. तरीही फ्रेंच माणूस त्यांना अजून ‘पो द फॉक’, म्हणजे सीलचे कातडेच म्हणतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटलेला सहकारी ‘‘उद्या कातडी लावून जायचे का?’’ असे विचारतो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मी दचकले होते तसे दचकण्याचे काही कारण नसते.

या चढण्याची शर्यत प्रथम लावली ती सैन्याने. १९२४ साली शामोनी येथे झालेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ‘सैनिकी गस्त’ या नावाचा एक प्रकार होता, ज्यात गणवेशातील तुकड्या स्की घालून डोंगर ओलांडत आणि नेमबाजीही करत. स्वित्झर्लंडमध्ये १९४३ साली सैनिकांनी झेरमाट ते व्हेर्बिए ही हिमनद्यांवरून जाणारी शर्यत सुरू केली. १९४९ साली एक तुकडी हिमनदीच्या भेगेत पडून तीन जण दगावले, त्यानंतर बंद पडलेली ही शर्यत १९८४ साली पुन्हा सुरू झाली. सैन्याचा तो वारसा या खेळाच्या कडक नियमांमध्ये आजही जाणवतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २०२१ मध्ये या खेळाला २०२६ च्या कार्यक्रमात घेतले. तोपर्यंत दऱ्याखोऱ्यांबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते.

आता थोडे त्या ‘मानिप’विषयी, कारण ती समजल्याशिवाय एमिली हॅरपची कारकीर्द समजत नाही, आणि ती मला पुस्तकातून नव्हे, फजितीतून समजली. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कार्यालयातील चौघांबरोबर मी फ्रेंच आल्प्समधल्या बोफोर्तेन भागात गेले. भाड्याने घेतलेल्या स्की, भाड्यानेच घेतलेली कातडी आणि सह्याद्रीत वीस वर्षे गड चढल्याचा माज, एवढी माझी सामग्री होती. चढण्याचा त्रास झाला नाही. टाच मोकळी असते, पाय उचलायचा नसतो, फक्त पुढे ढकलायचा असतो, आणि तासाभरात त्याची एक लय सापडते. खरी परीक्षा चढण तीव्र होऊन नागमोडी वाट सुरू झाली तेव्हा आली. प्रत्येक वळणावर एक स्की उचलून जवळजवळ उलट दिशेला ठेवायची, एक क्षण दोन्ही पाय विरुद्ध दिशांना तोंड करून उभे राहायचे, आणि मग मागची स्की टाचेने झटका देऊन वळवून घ्यायची. यालाच येथे ‘कॉन्व्हेर्सियों’ म्हणतात. माझी तिसऱ्या वळणावरची कॉन्व्हेर्सियों उताराखाली वीस फूट जाऊन संपली.

माथ्यावर मात्र खरी शोभा झाली. उतरण्यापूर्वी कातडी काढायची असतात. मी हातमोजे काढले, स्की काढली, कातडे ओढले, ते वाऱ्याने फडफडून स्वतःलाच चिकटले, ते सोडवताना बर्फात पडले, गोंदाला भुगा लागला, आणि हा सगळा उद्योग दुसऱ्या पायासाठी पुन्हा करायचा बाकी होता. बोटे निळी पडली होती. बुटाची मागची खिटी चढण्यासाठी सैल आणि उतरण्यासाठी घट्ट असावी लागते, हे मला कोणी सांगितले होते, पण त्या थंडीत ते आठवले नाही, आणि पहिल्याच वळणावर घोटा लुळा पडल्यासारखा वाटून मी पुन्हा बसले. माझ्या बरोबरच्या मुलीने घड्याळ पाहून शांतपणे सांगितले की, मला तयारीला अकरा मिनिटे लागली होती. चढणीवरून उतरणीवर येताना, किंवा स्कीवरून पायी चालण्यावर जाताना ही जी उठाठेव करावी लागते, तिचे नाव मानिप. एमिली हॅरप आणि तिच्या बरोबरीच्या खेळाडू ती उभ्याउभ्या, स्की पायातून न काढता, वाकून टोकाकडचे कातडे धरून एका ओढीत उपटतात, छातीवरच्या कप्प्यात कोंबतात, बुटाची खिटी आपटतात, टाच अडकवतात आणि निघतात. हे सगळे काही सेकंदांत होते. कातडे कप्प्यातून बाहेर लोंबले किंवा पडले, तर पंच दंड ठोकतात.

साहित्यही पाहण्यासारखे असते. नियमाप्रमाणे महिलांच्या शर्यतीत बंधनासकट, म्हणजे बूट जिच्यात अडकतो त्या पकडीसकट, एका स्कीचे वजन किमान ७०० ग्रॅम आणि एका बुटाचे किमान ४५० ग्रॅम असावे लागते. किमान असावे लागते, म्हणजे कारागीर त्याहूनही हलके करायला टपलेले असतात, म्हणून ही मर्यादा घालावी लागली आहे. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीपेक्षाही हलका बूट घालून बर्फाळ उतारावरून भरधाव खाली येणे म्हणजे काय, याची कल्पना मला भाड्याचा जड बूट घालूनही नीट आली आहे.

एमिली हॅरप हिचा जन्म १९९७ सालचा. आईवडील इंग्रज, पण मुलगी वाढली सावोआमधल्या तारान्तेज खोऱ्यात, कूर्शवेल येथे. कूर्शवेल हे नाव भारतात कोणी ऐकले असेल, तर अतिश्रीमंतांच्या सुट्टीचे ठिकाण म्हणून. परंतु त्या झगमगाटामागे गावची मुले असतात, गावचा स्की-क्लब असतो आणि चालायला शिकताच पायांत स्की बांधण्याची रीत असते. एमिलीही त्याच रीतीने आल्पाइन स्कीकडे गेली, म्हणजे झेंड्यांमधून वळत खाली येण्याच्या शर्यतींकडे, आणि किशोरवयातच त्या शर्यती सोडून ती चढणाऱ्यांमध्ये सामील झाली.

तिच्या आडनावाबद्दल एक अवांतर गंमत सांगते. फ्रेंच भाषा शब्दारंभीचा ‘ह’ गिळून टाकते, त्यामुळे येथले निवेदक हॅरप असे न म्हणता ‘आरॉप’ म्हणतात. रेडिओवर वेगाने बातम्या सुरू असताना माझ्या मराठी कानांना ‘एमिली आरोप’ असेच ऐकू येई, आणि एखाद्या रविवारी सकाळी ‘पुन्हा आरोप, निर्विवाद आरोप’ अशा थाटाचे काही कानावर पडले की, कोणत्या मंत्र्यावर काय बालंट आले आहे, हे पाहायला मी आवाज वाढवीत असे.

आल्पाइन स्पर्धेतून येणाऱ्या खेळाडूंबद्दल चढणारी मंडळी सहसा नाक मुरडतात, कारण त्यांच्या मते खेळाचा कस चढणीवर लागतो आणि उतरण म्हणजे फक्त निकालापर्यंत पोहोचण्याची वाट. मला हे मत अर्धेच खरे वाटते. फुप्फुसे आणि हृदय पुढील काही वर्षांत घडवता येतात. परंतु जेमतेम दोन-तीन बोटे रुंदीच्या वाटणाऱ्या, पिसासारख्या हलक्या स्कीवर, हृदय छातीबाहेर येईल इतके धडधडत असताना, थरथरत्या मांड्यांनी घट्ट बर्फावर बेधडक वळणे घेण्याची निर्भयता लहानपणीच अंगात भिनलेली बरी. एमिलीकडे ती होती. चढण तिने कमावली आणि उतरण तिची आधीपासूनच होती.

तिने काय मिळवले, याचा आवाका समजण्यासाठी या खेळातील प्रकार माहीत असावेत. ‘स्प्रिंट’ तीन मिनिटांचा, साधारण ७० मीटर चढण आणि एक उतरण, पण एकाच दिवसात प्राथमिक, उपान्त्य आणि अंतिम अशा फेऱ्या. ‘व्हर्टिकल’मध्ये फक्त चढायचे. ‘वैयक्तिक’ शर्यतीत दीड तासाच्या आसपास अनेक चढणी, अनेक उतरणी, कधी कड्यावरून पायी. मिश्र रिलेमध्ये एक स्त्री आणि एक पुरुष आळीपाळीने दोन-दोन फेऱ्या करतात. धावण्याच्या भाषेत सांगायचे, तर आठशे मीटर आणि अर्धमॅरेथॉन एकाच व्यक्तीने एकाच हंगामात जिंकण्यासारखे हे आहे, आणि जागतिक मालिकेचे एकूण विजेतेपद वेगवेगळ्या प्रकारांच्या गुणांच्या बेरजेवर मिळते. ते एमिली हॅरपने २०२२ ते २०२५ असे सलग चार हंगाम मिळवले. ऑलिंपिक जवळ येताच इतर अनेकांनी फक्त स्प्रिंटवर सारा भर दिला. तिने मात्र लांबच्या शर्यती सोडल्या नाहीत.

याची किंमत कळण्यासाठी तिच्या आधीच्या दोघींकडे पाहिले पाहिजे. लेतिसिया रू ही १९८५ साली गाप येथे जन्मलेली, दक्षिण आल्प्समधली. २०१० च्या दशकात तिने जागतिक अजिंक्यपदाच्या सुवर्णपदकांची अक्षरशः रास घातली. एकाच स्पर्धेत स्प्रिंटपासून वैयक्तिकपर्यंत एकामागून एक शर्यती जिंकण्याचा सपाटा तिने लावला होता. तरीही बोर्मिओच्या आधी आमच्या कॅन्टीनमध्ये तिचे नाव पटकन सांगणारे फक्त त्या हिशेब विभागातील बाईच होत्या. खेळ ऑलिंपिकमध्ये घेतला गेला, तेव्हा तिची कारकीर्द संपलेली होती. दुसरी आक्सेल गाशे-मोलारे, आनसीच्या परिसरातील, १९९२ साली जन्मलेली. वैयक्तिक आणि व्हर्टिकल या दोन्ही प्रकारांत तिने २०१९, २०२१ आणि २०२३ या जागतिक स्पर्धा गाजवल्या. आणि ऑलिंपिक समितीने कार्यक्रमात घेतले काय, तर फक्त स्प्रिंट आणि मिश्र रिले. खेळाडूंची एकूण संख्या ३६, म्हणजे १८ स्त्रिया आणि १८ पुरुष. सगळे एकाच उतारावर, टीव्हीच्या एका चौकटीत मावेल असे. लांब पल्ल्याच्या या राणीला तिचा प्रकार ऑलिंपिकमध्ये मिळालाच नाही.

याबद्दल येथल्या डोंगरी लोकांच्या मनात नाराजी आहे आणि ती ते लपवत नाहीत. तीन मिनिटांचा खेळ हा आमचा खेळ नव्हे, तो स्टेडियमातला खेळ, असे मी एका वृद्ध गाइडच्या तोंडून ऐकले आहे. माझे मत विचाराल, तर त्या तीन मिनिटांना हिणवण्याचे कारण नाही. तेवढ्या वेळात तीनदा मानिप करायची, तीही हृदयाचे ठोके शिगेला पोहोचलेले असताना, शेजारी पाच जणी तेच करत असताना, हे मन आणि बोटे दोन्ही थाऱ्यावर ठेवण्याचे काम आहे. ज्याला माथ्यावर अकरा मिनिटे लागली आहेत, त्याने तरी याला खेळ नव्हे असे म्हणू नये. मात्र नाराजी मला समजते. क्रिकेटची कसोटी पाहून मोठ्या झालेल्या माणसाला जगाने क्रिकेट म्हणून फक्त सुपर ओव्हर दाखवली, तर तोही असाच चिडेल.

तर रौप्यपदक मिळाले आणि दोन दिवसांनी, शनिवारी २१ फेब्रुवारीला, मिश्र रिले होती. त्या दिवशी कॅन्टीन बंद, म्हणून त्याच हिशेबवाल्या बाईंनी आम्हा सहा जणांना घरी बोलावले. एमिलीचा साथीदार होता थिबो आन्सेल्मे, ज्याला पुरुषांच्या स्प्रिंटमध्ये कांस्यपदक मिळाले होते. या प्रकारात पहिली फेरी स्त्रीची, मग पुरुषाची, पुन्हा स्त्रीची आणि शेवटी पुरुषाची. दर फेरीत दोन चढणी आणि दोन उतरणी, आणि दर चढणीगणिक मानिप. म्हणजे चूक करायला जागाच जागा. बाईंच्या नवऱ्याने राक्लेटचे चीज वितळायला ठेवले होते, ते शर्यतीच्या मध्यापर्यंत करपले आणि कोणीही उठले नाही. एमिली बदलाच्या पट्ट्यात पोहोचून थिबोच्या पाठीवर हात टाकते तो क्षण, खोलीत कोणीतरी मोठ्याने ‘‘पो! पो!’’ असे ओरडत असलेले, आणि शेवटी फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्पेन असा लागलेला निकाल, एवढे मला आठवते. स्वित्झर्लंडच्या जोडीत स्प्रिंटची विजेती मारियान फातोंच होती, त्यामुळे दोन दिवसांचा हिशेब बाईंच्या मते चुकता झाला. त्या हिशेब विभागातल्या आहेत, त्यांचा शब्द प्रमाण.

एवढ्यावर एमिली हॅरपची ओळख झाली, असे समजून मी हा मजकूर थांबवला असता, तर त्या वृद्ध गाइडने मला कधीच क्षमा केली नसती. कारण येथल्या लोकांनी तिला आपली मानले ते बोर्मिओच्या आधीच, आणि ते घडले पिएरा मेंताच्या वाटेवर.

पिएरा मेंता हे बोफोर्तेनमधल्या एका सुळक्याचे नाव आहे. उंची २७१४ मीटर, आकार एखाद्या उभ्या दातासारखा. त्याच्या नावाने १९८६ पासून दर मार्चमध्ये आरेश-बोफोर या गावात चार दिवसांची शर्यत भरते. दोघांनी जोडीने धावायचे, चार दिवसांत मिळून सुमारे १०,००० मीटर चढायचे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून निघून एव्हरेस्टच्या माथ्याहूनही वर जाण्याइतके, आणि तेही कधी अरुंद धारेवरून, पायाला काटेरी पट्टे बांधून, दोराला धरून. जोडीतील दोघींनी एकत्रच राहायचे असते. एखादी मागे पडू लागली, तर बलवान साथीदारिणीच्या पाठीला अडकवलेली लवचीक दोरी तिच्या कमरेला जोडली जाते आणि ती तिला अक्षरशः ओढून नेते. कोण कोणाला ओढते आहे, हे वाटेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते. लपवायला काही जागा नाही. पदकाच्या मंचावर दोघी शेजारी उभ्या असतात, पण गावाला सगळे ठाऊक असते.

या शर्यतीला येणारे प्रेक्षकही चढूनच येतात. शर्यतीच्या ग्रां मोंच्या दिवशी, म्हणजे २६८६ मीटर उंचीच्या त्या शिखरावरून मार्ग जातो त्या दिवशी, हजारो माणसे पहाटेच्या अंधारात कपाळावर दिवे लावून, सीलची कातडी लावून वर जातात. मीही गेले होते. एमिली हॅरप आणि आक्सेल गाशे-मोलारे या दोघी जोडीने धावत होत्या ते वर्ष होते. लांब पल्ल्याची जगज्जेती आणि स्प्रिंटची तरबेज एकाच दोरीच्या दोन टोकांना, असे दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात पाहायला मिळेल, असे मला वाटत नाही. दोघींनी मिळून ही शर्यत एकाहून अधिक वेळा जिंकली आहे.

आम्ही पहाटे साडेचारला निघालो. पिशवीत थर्मास, बोफोर चीजचा एक तुकडा आणि आईने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे पाकीट होते. थंडीने चीज दगडासारखे झाले आणि चिक्कीने मात्र आपला धर्म सोडला नाही. पुढे-मागे दिव्यांची रांग वाकडीतिकडी होत वर चालली होती, कोणाच्या पाठीवर गायीच्या गळ्यातली घंटा, कोणाच्या हातात बिगुल, एकाच्या पाठीवर झोपलेले मूल. आषाढात पुण्यातून पालखी जाताना रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे असते, ते थोडेफार येथेही होते, हे मी लिहिते आहे खरे. पण तेथे शर्यत नसते आणि येथे विठ्ठल नसतो, त्यामुळे तुलना एवढ्यावरच सोडते.

माथ्याजवळ दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि मधून जाणारी वाट एका माणसापुरतीच उरली होती. पुरुषांच्या पहिल्या जोड्या गेल्या. मग खालून घंटांचा आवाज वर सरकत येऊ लागला, म्हणजे आवाजावरूनच स्त्रियांची पहिली जोडी कुठवर आली, ते कळत होते. त्या आल्या तेव्हा मला सर्वप्रथम जाणवला तो श्वास. टीव्हीवर तो ऐकू येत नाही. करवत चालावी तसा, दोघींचा वेगवेगळ्या लयीतला, आणि त्या आवाजाखाली बर्फावर घासणाऱ्या कातड्यांची सर्र सर्र. एमिलीच्या हनुवटीवर घाम आणि शेंबूड गोठून पांढरा झाला होता. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, कारण मानिपची जागा अगदी तेथेच होती. तिने मान वर केली नाही. उजवा हात खाली गेला, स्कीच्या टोकाशी बोट अडकले, आणि फर्र असा आवाज करून गुलाबी कातडे तिच्या हातात आले, अर्धे दुमडले, छातीत गेले. दुसरे फर्र. दोन्ही बुटांवर दोन थापा. टाच आपटल्याचा खट्ट आवाज. मी श्वास घेऊन सोडेपर्यंत ती आणि आक्सेल धारेपलीकडे दिसेनाशा झाल्या होत्या आणि त्यांच्या उतरणीची रेघ तेवढी ताज्या बर्फात उरली होती.

मी ती रेघ पाहायला वाटेत एक पाऊल पुढे सरकले असेन. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी, ज्यांनी पहाटेपासून एकाच हाताने घंटा वाजवून आता हात बदलला होता, माझी बाही धरून मला मागे ओढले आणि म्हणाले, ‘‘मादाम, स्की आवरा. अजून खूप जोड्या यायच्या आहेत.’’